‘मित्र’, ‘दूत’ आणि ‘स्वयंसेविका’ : आरोग्यसमतेच्या परिभाषेची चिकित्सा

रोगी आणि रुग्णालय यांच्यामध्ये उभा राहून रोग्याला उपचारापर्यंत पोहोचविणारा, त्याच्या कागदपत्रांची पूर्तता करून देणारा, वैद्याचे म्हणणे त्याला उलगडून सांगणारा आणि तो घरी परतल्यावरही त्याची विचारपूस करणारा जो मध्यस्थ, त्याला इंग्रजीत ‘केस मॅनेजर’ अशी संज्ञा आहे. आरोग्यसेवेतील विषमता केवळ रुग्णालये उभारून मिटत नाही. रुग्णालयाच्या दारापासून खाटेपर्यंतचे अंतर ज्यांना स्वतःच्या बळावर ओलांडता येत नाही, त्यांना असा मध्यस्थ लागतो. महाराष्ट्रात या मध्यस्थाला कोणती नावे मिळाली आणि ती नावे त्याचे रोग्याशी कोणते नाते गृहीत धरतात, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा असला, तरी त्याचा परिणाम थेट रोग्याच्या हक्कावर होतो.

मूळ इंग्रजी संज्ञाही निर्दोष नाही. मेरी रिचमंड यांच्या १९१७ मधील ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथाने ज्या व्यक्तिसहाय्य-कार्याला शास्त्रीय बैठक दिली, त्यात ‘केस’ म्हणजे माणसाची समग्र परिस्थिती असा अर्थ अभिप्रेत होता. मराठी रुग्णालयांत मात्र ‘केस’ हा शब्द माणसाऐवजी त्याच्या रोगाला चिकटला, आणि ‘प्रकरण’ हा पर्याय कचेरीतील फायलीची आठवण करून देतो. त्यामुळे ‘प्रकरण-व्यवस्थापक’ असा शब्द येथे रुजला नाही, हे एका अर्थी भाषेच्या शहाणपणाचेच लक्षण होय.

त्याऐवजी जी नावे रुजली ती अशी : सार्वजनिक रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेल्या योजनेत ‘आरोग्यमित्र’, गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या कामात ‘आरोग्यदूत’, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर गावोगावी ‘आशा स्वयंसेविका’. यांतील पहिले नाव अधिकाराचे आहे, उरलेली तीन जिव्हाळ्याची आहेत. जिव्हाळ्याच्या नावांचा लाभ नाकारता येत नाही. शहराच्या रुग्णालयात प्रथमच आलेली शेतमजूर स्त्री ‘अधीक्षका’च्या टेबलापाशी जाण्यास कचरेल, ‘मित्रा’पाशी कदाचित कचरणार नाही.

परंतु याच शब्दांत एक अडचण दडलेली आहे. मित्राकडे विनंती करता येते. त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. कागद अपुरा म्हणून रोग्याला परत पाठविले गेले, तर त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, हे ‘मित्र’ या शब्दातून सूचित होत नाही. आरोग्यमित्राची नेमणूक योजनेच्या यंत्रणेमार्फत होते. तेव्हा त्याची निष्ठा यंत्रणा आणि रोगी या दोहोंमध्ये विभागली जाणे स्वाभाविक आहे. नाव मैत्रीचे आणि काम पात्रता तपासण्याचे, हा विसंवाद व्यक्तीचा दोष नसून रचनेचा आहे.

‘स्वयंसेविका’ या संज्ञेतील विसंवाद याहून तीव्र आहे. इंग्रजी नावातील ‘ॲक्टिव्हिस्ट’ म्हणजे कार्यकर्ती. मराठीत येताना तिची ‘सेविका’ झाली, आणि तिच्या मोबदल्याला ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हटले गेले. मानासाठी दिलेले धन अपुरे असल्याची तक्रार करणे संकेताला सोडून ठरते. २०२१ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केले, तेव्हा स्वेच्छेने सेवा करणारीने संप करावा कसा, हे कोडे वस्तुतः त्या संज्ञेनेच निर्माण केलेले होते. जी स्वतः हक्काच्या भाषेबाहेर ठेवली गेली, तिने इतरांना हक्क मिळवून द्यावेत, अशी ही अपेक्षा आहे.

पलीकडच्या बाजूला ‘लाभार्थी’ आहे. ‘विद्यार्थी’प्रमाणेच हा समास इच्छा दर्शवितो, लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. हक्कदाराला इच्छा सिद्ध करावी लागत नाही. २०२३ च्या शासन निर्णयाने उपरोक्त योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचे ठरले. तरीही शब्द ‘लाभार्थी’च राहिला. धर्मादाय रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याचे बंधन मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेने घातले आहे. ते कायद्याचे बंधन असले, तरी खाट मिळाली की तिला सर्रास ‘मदत’ म्हटले जाते.

या सर्व नावांत मध्यस्थाचे एक प्रधान कार्य अनुल्लेखित राहते, ते म्हणजे दुभाष्याचे. मेळघाटातील कोरकू मुंडा कुळातील, तर भामरागडची माडिया द्राविड कुळातील भाषा आहे; दोहोंचे मराठीशी कौटुंबिक नाते नाही. मराठी भाषकांतही ‘अंगावरून पांढरे जाणे’ आणि ‘श्वेतप्रदर’ यांमधील दरी लहान नाही. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. वैद्यापुढे उच्चारता न येणारा रोग उपचाराच्या कक्षेत येणे कठीण असते.

नाव बदलल्याने रोग बरा होत नाही, हा आक्षेप येथे संभवतो आणि तो अंशतः खरा आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीच्याच प्रयोगात ३९ गावांतील नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, ते प्रशिक्षण, औषध आणि देखरेख यांच्या बळावर. ‘दूत’ या शब्दामुळे नव्हे. तथापि त्या यशाचे विस्तृत अनुकरण करताना प्रशिक्षण, मोबदला आणि उत्तरदायित्व यांपैकी काय टिकेल आणि काय गळेल, हे ठरविण्यात संज्ञेचा वाटा असतो. ‘सेविके’चा मोबदला गळू शकतो, ‘कर्मचाऱ्या’चा इतक्या सहज गळत नाही.

म्हणून आरोग्यसमतेची परिभाषा घडविणाऱ्यांनी शब्द किती गोड आहे एवढेच पाहून चालणार नाही. हा मध्यस्थ कोणाला उत्तरदायी, रोग्याची भाषा त्याला अवगत आहे काय, त्याच्या श्रमाचे मोल कोणत्या नावाने दिले जाते आणि तो ज्याच्यासाठी उभा आहे तो याचक की हक्कदार, या प्रश्नांना संज्ञा उत्तर देत नसेल, तर निदान नियमावलीने ते स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे.