मणक्यातील मॉर्फिन आणि कर्करोगाची वेदना : एका आढाव्याची चिकित्सा (खर्डा परिसराच्या संदर्भात)

कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधे मणक्यातून दिल्यास कितपत गुण येतो, याचा बॅलंटाइन आणि कारवुड यांनी घेतलेला आढावा २००५ मध्ये कोक्रेनच्या संग्रहात प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध दिलेल्या ७२ टक्के, आवरणाच्या आत दिलेल्या ६२ टक्के आणि मेंदूच्या पोकळीत दिलेल्या ७३ टक्के रुग्णांना उत्कृष्ट आराम मिळाल्याचे त्यात नमूद आहे. आकडे आश्वासक दिसतात. मात्र ते ज्या ७२ अभ्यासांतून आले, त्यांत तुलनेसाठी नियंत्रित गटच नव्हता. त्यामुळे ७२ आणि ६२ यांतील अंतर पद्धतीचे की निवडलेल्या रुग्णांचे, हे सांगता येत नाही.

या दृष्टीने स्मिथ व सहकाऱ्यांची २००२ मधील चाचणी अधिक भरीव ठरते. तिच्यात २०२ रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने विभागणी झाली. एका गटास केवळ सर्वंकष औषधोपचार मिळाला, तर दुसऱ्यास त्याच्या जोडीला शरीरात बसविलेला पंप. चार आठवड्यांनंतर पंपाच्या गटात ७१ पैकी ६० जण, तर केवळ औषधांच्या गटात ७२ पैकी ५१ जण 'यशस्वी' ठरले. येथे 'यश' म्हणजे वेदना निदान २० टक्के कमी होणे, किंवा वेदना तेवढीच राहून दुष्परिणाम निदान २० टक्क्यांनी घटणे. निकष सौम्यच म्हणावा लागेल.

यातील खरा बोलका आकडा ७२ पैकी ५१ हा आहे. पंपाशिवायही दहांपैकी सात जणांना लाभ झाला, कारण नीट आखलेला औषधोपचार त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. खर्ड्यासारख्या जामखेड तालुक्यातील गावाचा विचार करताना नेमकी हीच पायरी आधी तपासावी लागते. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सोपी केली खरी. पण औषध ठेवणारे व लिहून देणारे हात त्या दुरुस्तीने आपोआप निर्माण होत नाहीत. तोंडाने घ्यावयाची गोळीच वेळेवर न मिळणाऱ्या रुग्णाला मणक्यातील नळीची शिफारस करणे म्हणजे पायाआधी कळस बांधणे होय.

नळीचे व्यवहारही सोपे नाहीत. ती तुंबते, सरकते आणि जंतुसंसर्ग झाल्यास मेंदूज्वराचा धोका संभवतो. शिवाय 'पाठीत सुई' याविषयी ग्रामीण कुटुंबांत भय असते. प्रसूतीतील भुलीच्या इंजेक्शनाला वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा दोष देणाऱ्या स्त्रिया काही थोड्या नाहीत. ताप आला, औषधाचा अंमल जास्त होऊन श्वास मंदावला, तर घरात ते प्रथम कोण ओळखणार? या प्रश्नाला टक्केवारीत जागा नाही.

आणि तरीही याच तालुक्यात, १९७० मध्ये, रजनीकांत व मेबल आरोळे यांनी जामखेड प्रकल्प सुरू करून अल्पशिक्षित स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून घडविले. नाडी पाहणे, ताप नोंदविणे, रुग्णाला वेळेत पुढे पाठविणे ही कामे त्या स्त्रिया करू शकतात, हे तेथे दिसून आले. घरी नळी सांभाळणाऱ्या कुटुंबाला याहून फार वेगळे कौशल्य लागत नाही. मात्र आढाव्यातील आकड्यांत अशा शुश्रूषेचा हिशेब कोठेही नाही.