हवामान-आपत्तींचा नकाशासंग्रह : खानदेशच्या दृष्टीने परीक्षण

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयाने जानेवारी २०२२ मध्ये भारतातील हवामानविषयक आपत्ती व भेद्यता यांचा नकाशासंग्रह सिद्ध केला. उष्णतेची लाट, थंडीची लाट, अवर्षण, पूर, अतिवृष्टी, गारपीट, वीज अशा तेरा आपत्तींचा त्यात समावेश आहे. संगणकाच्या पडद्यावर हव्या त्या जिल्ह्यावर खूण नेली की त्या जिल्ह्याची प्रतवारी समोर येते. पूर्वी एवढ्या माहितीसाठी वार्षिक अहवालांच्या चळती उपसाव्या लागत. हे श्रम वाचले, ही या कार्याची मोठीच सेवा होय. तथापि प्रबंधासाठी पुरावा म्हणून हा नकाशा हाती घेणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जिल्ह्याला दिलेला रंग नेमका कशाचा आहे?

धुळे जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले. पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे १९९७ पर्यंतच्या 'धुळे जिल्ह्या'त नवापूर येते. तेथे वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील शिंदखेडे तालुक्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. नाव तेच, पण प्रदेश तो नव्हे. अशा दोन कालखंडांची तुलना करून पर्जन्यमान घटले असे कोणी म्हटल्यास ती घट आकाशातली नसून महसूल खात्याच्या दप्तरातली असण्याचा संभव आहे.

पुराच्या बाबतीत हा दोष अधिक जाणवतो. पांझरा पिंपळनेरच्या बाजूस सह्याद्रीत उगम पावते, साक्रीवरून धुळ्यास येते, जुने शहर व देवपूर यांच्यामधून वाहते आणि मुडावदजवळ तापीस मिळते. देवपूरच्या काठी येणारे पाणी देवपूरला पडलेल्या पावसाचे नसते. साक्रीच्या डोंगरात किती पाऊस झाला, तो किती तासांत झाला आणि अक्कलपाडा धरणातून किती पाणी सोडले गेले, यांवर ते अवलंबून असते. अवर्षणप्रवण म्हणून रंगविलेल्या जिल्ह्याच्या मुख्य गावी पूर यावा यात म्हणूनच विसंगती काही नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांचा घटक बंधारा आणि त्याचा पाट हा होता. या बाबतीत ते आजच्या नकाशाकारापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होऊ नये. शिवाय १८७२ च्या सप्टेंबरातील गिरणा व पांझरा यांच्या महापुराची हकीकत १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आहे, तर हवामान विभागाची स्थापनाच १८७५ ची. विभागाच्या नोंदवहीवर उभारलेल्या कोणत्याही नकाशात तो पूर येणे शक्य नाही.

निकषांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. विभागाच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियस असून ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी अधिक असेल, किंवा ते प्रत्यक्ष ४५ अंशांस पोचले, तर उष्णतेची लाट मानतात. पुण्यास मे महिन्याची सरासरी ३७ अंशांच्या जवळ आहे, तेथे ४१.५ अंश लाट ठरू शकतात. जळगावची त्या महिन्याची सरासरीच ४२ अंशांच्या आसपास. तेथे ४४ अंशांचे दहा दिवस सलग गेले तरी व्याख्येच्या दृष्टीने काही घडलेले नसते! लाटांची गणना हे उन्हाच्या तापाचे मान नव्हे. नेहमीपेक्षा किती वेगळे घडले याचे ते मान आहे. त्यातही सरासरी ही तीस वर्षांची असते आणि ती पुढे सरकते. सध्या १९९१ ते २०२० हा काळ प्रमाण धरतात. सरासरी चढली की तोच उष्मा कमी असाधारण दिसू लागतो.

पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार' ही संज्ञा लागू होते. एखादी सर या वेळेच्या दोन्ही बाजूंस साठ-साठ मिलिमीटर पडली, तर नोंदीत एकही जोरदार पाऊस राहत नाही. नदीला मात्र एकशेवीस मिलिमीटर मिळालेले असतात.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकास हा वाद केवळ शास्त्रीय वाटणार नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरते. ठरलेली मर्यादा अर्ध्या अंशाने हुकली तर बाग करपूनही हाती काही येत नाही. मंडळांतील बहुसंख्य स्वयंचलित केंद्रे २०१७ नंतरची आहेत. दाट जाळ्यास दीर्घ इतिहास नाही, आणि दीर्घ इतिहास असलेल्या वेधशाळा विरळ आहेत. या दोहोंतील अंतर नकाशाचा एकसंध रंग झाकून टाकतो.

पुढील आवृत्तीत धुळे जिल्ह्यावर खूण नेताच साक्री, पिंपळनेर या बाजूच्या पर्जन्यमापकांच्या दैनिक नोंदी, त्या कोणत्या वर्षापासून आहेत व मध्ये कोठे खंडित झाल्या यांसह, उघडल्या पाहिजेत. जिल्ह्यांच्या सीमांबरोबर नद्यांची खोरीही निवडता आली पाहिजेत. तोपर्यंत या नकाशाचा आधार घेणाऱ्या प्रबंधास निदान तालुकावार पर्जन्याचे कोष्टक जोडलेले असावे.