'ऑनेस्ट' या शब्दाची साक्ष

धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूपुढे एक मागणी वारंवार येते : चारित्र्याच्या दाखल्याची. कोणाला तो नोकरीसाठी हवा असतो, कोणाला भाड्याच्या खोलीसाठी. असे दाखले मी वर्षानुवर्षे लिहीत आलो, आणि तेही बहुधा इंग्रजीतून. त्यातला 'ऑनेस्ट' हा शब्द लेखणीतून आपोआप उतरत असे. काही वर्षांपूर्वी त्यांपैकी एक दाखला खोटा ठरला. तो दाखवून ज्या घरी एका माणसाने काम मिळवले, त्या घरातल्या वृद्धेची साठवलेली पुंजी त्याने नेली. मी त्याला रविवारच्या मिस्सात पाहत असे; यापलीकडे माझी त्याची ओळख नव्हती. त्या अस्वस्थ दिवसांत शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' पुन्हा हाती घेतले. विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी वाचताना जे दिसले नव्हते, ते या वेळी दिसले.

'ऑनेस्ट' म्हणजे प्रामाणिक, असे आपण शाळेत पाठ करतो. पण या शब्दाचे मूळ लॅटिन 'होनेस्तुस' या विशेषणात आहे आणि ते 'होनोर' म्हणजे सन्मान या नामाशी निगडित आहे. माणूस आतून कसा आहे, यापेक्षा लोक त्याला कसे मानतात, याकडे त्या मूळ अर्थाचा कल आहे. इंग्रजीत आल्यावर या शब्दाला अनेक फांद्या फुटल्या. खरे बोलणारा, चोरी न करणारा, दिलेला शब्द पाळणारा, मनात एक आणि ओठांवर एक न ठेवणारा, हे सारे 'ऑनेस्ट'. स्त्रीविषयी बोलताना त्याचा अर्थ होई शीलवती. आणि हाताखालच्या माणसाविषयी वरच्याने तो वापरला, की त्यात कौतुकाबरोबर किंचित तुच्छताही मिसळे. आपण एखाद्याला 'बिचारा साधाभोळा आहे' म्हणतो, तशी.

इंग्रज समीक्षक विल्यम एम्पसन यांनी 1951 साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण 'ऑथेल्लो'तील या एका शब्दाला दिले आहे. हा शब्द आणि त्याचे भाववाचक नाम मिळून नाटकात 52 वेळा येतात, अशी त्यांची मोजणी आहे. संख्येहून महत्त्वाचे आहे ते हे, की यांतले बरेच उद्गार इयागोला उद्देशून किंवा त्याच्याविषयी आहेत. आणि इयागो तर या नाटकातला सर्वांत कपटी माणूस!

1604 साली राजदरबारात प्रयोग झाल्याची नोंद असलेल्या या नाटकात इयागो पहिल्याच प्रवेशात आपले मन उघडे करतो. धन्यासाठी गाढवासारखे राबून म्हातारपणी हाकलून दिल्या जाणाऱ्या सेवकांना तो 'ऑनेस्ट' म्हणतो, ते हेटाळणीने. म्हणजे त्याच्या कोशात या शब्दाचा अर्थ मूर्ख असा आहे. इतरांना मात्र हे ठाऊक नाही. ऑथेल्लो आपल्या नववधूला त्याच्या हवाली करताना त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देतो. कॅसिओ त्याला तसाच समजतो, आणि स्वतः डेस्डेमोनाही. मात्र बढतीची वेळ आली तेव्हा पद मिळाले कॅसिओला. इयागोच्या वाट्याला आले ते हे विशेषण. अशा कोरड्या स्तुतीचा सल किती खोल जातो, हे स्तुती करणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

तिसऱ्या अंकातील प्रसिद्ध प्रवेशात या शब्दाचे सारे अर्थ एकमेकांवर आदळतात. कॅसिओ 'ऑनेस्ट' आहे ना, असे ऑथेल्लो विचारतो. इयागो थेट उत्तर देत नाही. तोच शब्द प्रश्नार्थक सुरात परत करतो. तो एकही धडधडीत आरोप न करता धन्याच्याच शब्दात संशयाचे विष कालवतो. काही वेळातच तोच शब्द डेस्डेमोनाला लागू होतो आणि आता त्याचा अर्थ असतो शील. माझ्या मते नाटकाचे मर्म येथे आहे. ऑथेल्लोजवळ जणू एकच तराजू आहे. इयागोचे पारडे जड झाले, की डेस्डेमोनाचे वर गेलेच पाहिजे. मित्र 'ऑनेस्ट' असेल तर पत्नी तशी असू शकत नाही. शेवटच्या अंकात एमिलिया अविश्वासाने पुन्हा पुन्हा आपल्या नवऱ्याविषयी विचारते, तेव्हाही ऑथेल्लो तेच विशेषण उच्चारतो. आणि त्याच खोलीत 'ऑनेस्ट' पत्नीचा देह पडलेला असतो.

मराठी भाषांतरकारापुढे येथे मोठी अडचण उभी राहते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये हे नाटक मराठीत आणले, गो. ब. देवलांनी 1890 मध्ये 'झुंझारराव' या नावाने त्याला आपल्या रंगभूमीचा पोशाख चढवला. पुढे शिरवाडकरांनीही त्याचे भाषांतर केले. पण इयागोसाठी 'प्रामाणिक' किंवा 'इमानी' म्हणावे, तर ते डेस्डेमोनाला पुरत नाही. तिच्यासाठी 'शीलवती' म्हणावे, तर ते इयागोला लावता येत नाही. इंग्रजीत एकाच दोरीने बांधलेली ही दोन माणसे मराठीत सुटी होतात. भाषांतरात हे नुकसान होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यातूनच मराठी वाचकाला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ऑथेल्लोने हे दोन प्रश्न वेगळे करून विचारले असते, तर कदाचित डेस्डेमोना वाचली असती.

आज 'टू बी ऑनेस्ट' हे शब्द मराठी संभाषणातही सर्रास ऐकू येतात, आणि बहुधा त्यांना काहीच अर्थ नसतो. शब्द असा झिजतो, तेव्हा तो निरुपद्रवी झाला असे आपण मानतो. शेक्सपिअरचे नाटक उलट सांगते. ज्या शब्दाकडे कोणी लक्ष देत नाही, त्याच्याच आड इयागो निर्धास्त उभा राहतो.

त्या वृद्धेला मी भेटायला गेलो होतो. ती मला रागावली नाही. "फादर, तुम्ही लिहिलं होतं ना, म्हणून ठेवला," एवढेच म्हणाली. त्यानंतर दाखले लिहिणे मी थांबवलेले नाही. कारण गरजू माणसांना त्यांची खरोखर गरज असते. पण आता मी मराठीत लिहितो : या व्यक्तीला मी इतकी वर्षे ओळखतो, आणि तिच्याविषयी मला एवढे ठाऊक आहे. दाखला दोन ओळींनी लांबतो खरा. पण माझ्या सहीखाली आता माझ्या माहितीपलीकडची साक्ष नसते.