कोपरच्या घरांतले पु. ल.

पु. ल. देशपांडे आवडतात का, असे डोंबिवलीत कुणी कुणाला विचारत नाही. ते गृहीतच असते. विचारायचेच झाले तर कुठले पु. ल. आणि वयाच्या कुठल्या टप्प्यावर, असे विचारावे. एकाच घरात आजोबांना 'अपूर्वाई' जवळजवळ पाठ असते, आईला 'अंतू बर्वा' शेवटपर्यंत ऐकवत नाही, थोरल्या मुलाचे पु. लं.शी कधीचेच बिनसलेले असते आणि धाकटी कानात बोंडे घालून लोकलमध्ये 'म्हैस' ऐकत एकटीच हसत असते. या चौघांचे एकमत होणार नाही. तीन पिढ्यांनी ज्या लेखकावर जीव टाकला, त्या प्रेमाचा रंग कसा पालटत गेला हे पाहायला डोंबिवलीशेजारच्या कोपरसारखी जागा नाही. इथली कितीतरी मराठी घरे बटाट्याच्या चाळीतून उठून आलेली आहेत.

हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या खोल्यांत भावाभावांचे संसार मावेनासे झाले, तशी माणसे मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकत आली. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि १९६१पासून पु. ल. ती एकट्याने रंगमंचावर उभी करू लागले. तेव्हा समोर बसलेला प्रेक्षक प्रयोग संपल्यावर चाळीतच झोपायला जाणार होता. अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर, सोकाजी त्रिलोकेकर, एच. मंगेशराव ही त्याच्या भिंतीपलीकडची माणसे. तो हसत होता ते आपल्याच दारातल्या रांगेला. हीच माणसे डोंबिवलीत स्वतःच्या ब्लॉकमध्ये आली, स्वतंत्र संडास आणि नळ मिळाला, आणि त्या हसण्यात सुटकेचा सूर मिसळला. नळावरची भांडणे आता कॅसेटमध्ये ऐकायची गोष्ट झाली होती. पुस्तकातले अक्षरही बदलले नव्हते, वाचणाऱ्याचा पत्ता तेवढा बदलला होता.

या पुस्तकातला 'गच्चीसह झालीच पाहिजे' हा भाग नीट वाचावा. मालकाच्या कुलपातली गच्ची भाडेकरूंना हवी आहे, एवढाच मामला. पण त्यासाठी उभी राहते ती चळवळ संयुक्त महाराष्ट्राच्या भाषेत बोलते. सभा, ठराव, पुढाऱ्यांचे आवेश, 'मुंबईसह'च्या जागी 'गच्चीसह'. हे ज्या दिवसांत लिहिले गेले ते दिवस आठवा. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार ताजा होता, महाराष्ट्र राज्य अजून व्हायचे होते आणि ती घोषणा लोकांच्या ओठांवर होती. लोकांनी प्राण दिलेल्या मागणीचे विडंबन करायचे आणि कुणालाही ते लागू द्यायचे नाही, हे साधले कशामुळे? पु. लं.नी मागणीची टिंगल केली नाही म्हणून. चाळकऱ्यांना गच्ची खरोखरच हवी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत दिवस काढणाऱ्याला संध्याकाळी डोक्यावर मोकळे आभाळ हवे असणे यात हास्यास्पद काहीच नाही. हास्यास्पद आहे ती त्याने उसनी घेतलेली भाषा, आणि ती त्याने उसनी घ्यावी यातच त्याची अगतिकता आहे. लहानपणी आपण घोषणेला हसतो. आज सोसायटीच्या गच्चीला कुलूप असते, टाकीवाल्याशिवाय किल्ली कुणाकडे नसते. अशा इमारतीत राहून तोच भाग पुन्हा वाचताना लक्ष जाते ते त्या आभाळाकडे.

पुस्तकाच्या शेवटी 'एक चिंतन' येते. विनोदी पुस्तकाचा शेवट असा करण्याचे धाडस मराठीत त्याआधी कुणी केले असेल तर ते मला आठवत नाही. साठ बिऱ्हाडांचा कलकलाट मागे पडतो आणि एकच आवाज उरतो. त्यात तक्रार आहे, माया आहे, आणि ही चाळ आता पूर्वीची राहिली नाही याची कबुली आहे. पंचविशीत हा भाग अनेकांना भावविवश वाटतो, पाने उलटली जातात. पण कोपरच्या जुन्या तीनमजली इमारतींवर आता पुनर्विकासाचे फलक लागले आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी निघते आणि ज्या ब्लॉकसाठी चाळ सोडली, तोही खाली करायची वेळ येते. ज्याने आयुष्यात दुसऱ्यांदा घराच्या किल्ल्या परत केल्या आहेत, त्याने 'एक चिंतन' वाचून पाहावे. ते भावविवश नाही. त्यातले एकही वाक्य मला आता जास्तीचे वाटत नाही.

पु. लं.च्या लेखणीची ही खोड ओळखता आली की वाचकांचे मन का पालटत राहते ते समजू लागते. हसवणाऱ्या वाक्याच्या शेपटाशी ते एक हानी ठेवून देतात. हसण्याच्या भरात वाचक तिच्यावरून पुढे जातो. पुढे कधीतरी तशीच हानी त्याच्या स्वतःच्या घरात होते आणि मग जुने पान उघडल्यावर आधी ती दिसते. 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा हे याचे सर्वांत भरीव उदाहरण. रत्नागिरीतला हा म्हातारा बोलतो ते तिरके, कुणाच्या मरणाचीही थट्टा करील असे. गावात वीज आली तर हा म्हणतो की उजेडात पाहायचे काय, आपले दारिद्र्यच ना! ऐकणारे हसतात. त्यानंतर तो बायकोविषयी बोलतो, आणि ती गेल्यापासून दारचा हापूस मोहरला नाही हे त्याच तिरक्या सुरात सांगून टाकतो. पु. लं.चे कसब हे की ते इथे आवाज बदलत नाहीत. दुःखाचा भाग आला म्हणून भाषा हळवी होत नाही, अंतूशेट आपल्या ठसक्यातच राहतात. मन मोकळे करायची दुसरी भाषा या माणसाला कुणी शिकवलेलीच नाही, हे आपल्याला उशिरा कळते. विलायतेला निघालेल्या लेखकाला तो कोहिनूर पाहून यायला सांगतो, तेव्हा विनोदाच्या आडून आशीर्वादच देत असतो.

कोपरच्या पुढचे स्टेशन दिवा. तिथून सावंतवाडीची गाडी सुटते, आणि गणपतीच्या आधीच्या दिवसांत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. तिच्यात चढणारी बहुतेक माणसे अंतू बर्व्यांच्या मुलांच्या, नातवंडांच्या वयाची आहेत. गावच्या घरी एकटा उरलेला, सरळ काही न बोलणारा म्हातारा त्यांनी पाहिलेला आहे. यांतल्या कितीजणांना 'अंतू बर्वा' आता हसत हसत ऐकता येईल?

वाचकांच्या मनातला सर्वांत मोठा खळबळीचा काळ मात्र पु. लं.च्या लिखाणामुळे आला नाही. १९९० साली त्यांच्या पत्नी सुनीताबाईंचे आत्मकथन 'आहे मनोहर तरी' आले. ज्या घरात पु. ल. म्हणजे आनंदाचा झरा होता, त्या घराने पहिल्यांदा तो झरा वाहता ठेवण्याचे कष्ट कुणाचे होते हे वाचले. कुणाला राग आला, आमच्या भाईंविषयी असे लिहावे का म्हणून. कितीतरी बायकांना मात्र आपल्याच स्वयंपाकघरातले कुणीतरी मोठ्याने बोलल्यासारखे झाले. त्या पुस्तकानंतर पु. लं.चे लेखन पहिल्यासारखे वाचता येत नाही, असे म्हणणारे वाचक मला भेटले आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. त्यांच्या गद्यातल्या बायका बहुतेक वेळा दाराच्या आत असतात. 'असा मी असामी'त बेनसन जॉन्सन कंपनीतला कारकून धोंडो भिकाजी जोशी आपल्या हरएक फजितीत आपल्याला पूर्ण भेटतो. त्याची बायको भेटते ती मुख्यतः त्याच्या फजितीला कारण म्हणून. १९९०नंतर वाचकाची नजर त्या दाराच्या आत जाऊ लागली. याने पु. ल. लहान झाले असे मला वाटत नाही. एका मोठ्या लेखकाशेजारी तितक्याच कसाची एक लेखिका इतकी वर्षे त्याच घरात राहत होती, हे मराठीला कळले.

दुसरा आक्षेप त्यांच्या जगाच्या आकाराचा. दलित साहित्याने सत्तरच्या दशकात मराठी वाचकाला जी मुंबई दाखवली, ती बटाट्याच्या चाळीत नाही. ते खरेच आहे. पण दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा त्याचे मनापासून स्वागत करणाऱ्यांत पु. ल. होते, हेही सांगायला हवे. स्वतःच्या लेखणीला जिथे पोचता आले नाही, तिथे पोचलेल्याला त्यांनी दाद दिली. काळाने त्यांचे काही लेखन मागे टाकले आहे, ते मोकळेपणाने मान्य करावे. तत्कालीन व्यक्तींवरचे कोटिबाज लेख, काही प्रवासातल्या गमती आता तळटिपांशिवाय उमलत नाहीत. शेपटाशी हानी नसलेले वाक्य लवकर शिळे होते.

बाजू बदलायला लावणारी त्यांची कलाकृती म्हणजे १९५७चे 'तुझे आहे तुजपाशी'. तरुणपणी सगळे काकाजींच्या बाजूचे असतात. गाणे, खाणे, पान, इंदुरी ऐट, जगण्याचा भरभरून स्वाद. आचार्य म्हणजे रूक्ष, हसण्यासाठीच आणलेले. पण तिसऱ्या अंकात आचार्य आपल्या आयुष्यातले रितेपण बोलून दाखवतात आणि नाटकाचा तोल हलतो. तेव्हा काकाजी जिंकल्याच्या आनंदात नसतात. ते त्या माणसाला सावरतात. नाटककाराने ज्याला इतका वेळ टोमणे मारले, त्याला शेवटी स्वतःची व्यथा मांडायला पूर्ण जागा दिली. साठी ओलांडलेला वाचक नाटक पुन्हा वाचताना आचार्यांच्या शेजारी जाऊन बसतो. एखाद्या तत्त्वासाठी, नोकरीसाठी, घराच्या हप्त्यांसाठी आयुष्यातले काय काय पुढे ढकलले, याचा हिशेब त्याच्याही जवळ असतो.

आणि या सगळ्या बदलांचा विचार पु. लं.नी स्वतःच आधी करून ठेवला होता, असे 'सखाराम गटणे' वाचताना वाटते. लेखकाची सही घ्यायला आलेला, साने गुरुजी आणि पु. ल. यांना दैवत मानणारा, छापील भाषेत बोलणारा हा मुलगा. भक्त वाचकाची अशी व्यक्तिरेखा त्याच्याच दैवताने लिहावी, ही मराठीतली अपूर्व गोष्ट. लेखकाला त्याच्या भक्तीचा संकोच वाटतो, थोडी भीतीही वाटते. गटण्याला टोचण्या बसतात, पण त्याच्यासारखे निर्मळपण त्या पुस्तकात फार थोड्यांकडे आहे. पुढे तो लग्न करून संसाराला लागतो आणि त्याच्या बोलण्यातला छापील बाणा उतरतो. लहानपणी इथे सुटल्यासारखे वाटते: चला, माणसात आला! डोंबिवलीच्या वाचनालयांतून आठवड्याला पुस्तके बदलून नेणारे, लोकलच्या दारात उभ्याने कादंबरी संपवणारे कितीतरी गटणे मी पाहिले. पुढे हप्ते, शिफ्ट, मुलांच्या शाळा यांत त्यांची पुस्तके सुटली. ते सुखी आहेत, आणि आपल्या लहानपणच्या पु. लं.विषयी विचारले तर लाजून हसतात. व्यक्तिचित्राचा शेवट त्यामुळे आता मला सुखाचा वाटत नाही. गटणे माणसात आला, हे पु. लं.नी लिहिले आहेच. त्या येण्यात त्याच्याकडून काय सुटले, हे त्यांनी लिहिलेले नाही.