काय चपळ आहे हो!

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटल्यापासून वीसएक वर्षांत मला एकच विद्या बऱ्यापैकी साधली आहे. ती म्हणजे स्तुती वाचण्याची. ताळेबंद काय, कुणीही वाचतो. त्यात खोट असली तर ती काढायला ऑडिटर असतात. स्तुतीचं ऑडिट होत नाही. वार्षिक गोपनीय अहवाल हा गोपनीय असल्यामुळे सगळ्या शाखेला पाठ असतो. त्यात 'प्रामाणिक व कष्टाळू' असा शेरा आला, की समजावं, यंदाही प्रमोशन हुकलं. 'सहकाऱ्यांत लोकप्रिय' म्हणजे जागेवर कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त सापडतो. आणि 'अक्षर सुरेख आहे' म्हणजे या माणसाबद्दल लिहिण्याजोगं दुसरं काही आढळलं नाही. संगणक येऊन इतकी वर्षं झाली, तरी हा शेरा माझ्या वाट्याला येतोच. माझं अक्षर खरंच सुरेख आहे.

ही विद्या घरी टीव्हीवर क्रिकेट बघताना फार उपयोगी पडते. समालोचक मंडळी आमच्या साहेबांसारखीच असतात. वाईट बोलायची चोरी, आणि गप्प बसायचे पैसे मिळत नाहीत. मग त्यांनी एक भाषा तयार केली आहे. 'नैसर्गिक गुणवत्तेचा फलंदाज' म्हणजे पंचवीस-तीस सुंदर धावा काढून तंबूत परतणारा. 'जिगरबाज' म्हणजे ज्याला बॅटिंग येत नाही, पण ही गोष्ट त्याला अजून कुणी सांगितलेली नाही असा. 'अनुभवी क्षेत्ररक्षक' म्हणजे चेंडू आपणहून त्याच्याकडे चालत आला, तर तो बहुधा सोडत नाही. 'मोठ्या सामन्याचा खेळाडू' म्हटलं, की छोट्या सामन्यांची चौकशी करू नये. आणि 'अडवण्याचा प्रामाणिक प्रयत्न' म्हणजे चौकार.

एका शब्दापाशी मात्र माझं गाडं बरीच वर्षं अडून होतं. 'काय चपळ आहे हो!' यात मला काही काळंबेरं दिसेना. वडिलांनी तर हा शब्द एकनाथ सोलकरसाठी राखून ठेवला होता. वडील बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर वाढलेले. ट्रान्झिस्टरला कान लावून त्यांनी सोलकर जेवढा पाहिला, तेवढा स्टेडियममध्ये बसलेल्यांनीही पाहिला नसेल. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. त्या डावात व्यंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने ॲलन नॉटचा जो झेल घेतला, तो वडील आम्हांला जेवणाच्या पाटावरून पुढे झेपावून दाखवत. आमटीची वाटी दर वेळी बाद व्हायची. "मांजर रे, नुसतं मांजर!" असं म्हणत ते उठायचे, आणि आई फडकं आणायची.

२७ कसोटींत ५३ झेल! तेही फलंदाजाच्या नाकासमोर, हेल्मेटवाचून. एकदा आकडेमोड करता करता माझ्या कारकुनी डोक्यात आलं, की मांजर चपळ असतं हे खरं, पण मांजराला बेदीची फ्लाइट कळते काय? प्रसन्नाचा चेंडू किती वळेल, चंद्रशेखरचा कुठला आत येईल नि कुठला सरळ जाईल, समोरचा गृहस्थ घाबरला की बॅट पुढे ढकलतो की मागे ओढतो, हा सगळा हिशेब चेंडू पडायच्या आत झाल्याशिवाय इतक्या जवळ नुसत्या चपळाईला विचारतो कोण? तिथे उभा होता तो हिशेबनीस. पण सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. मैदानाशेजारी वाढलेल्या पोराला आपण उदार मनाने मांजर म्हणालो. मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या फलंदाजाला मांजर म्हटलेलं कुणी ऐकलंय? त्याच्याकडे 'तंत्र' असतं. 'टेंपरामेंट' असतं.

हे एकदा खटकल्यावर जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. वेस्ट इंडीजचे वेगवान गोलंदाज घ्या. त्यांचं वर्णन करताना आपण सगळेच पैलवानाच्या आखाड्यात शिरतो. काय उंची, काय खांदे, काय ती निसर्गाची देणगी! मायकल होल्डिंग तरुणपणी ४०० मीटर धावायचा, पळताना पावलांचा आवाज यायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण १९७६ साली ओव्हलच्या निर्जीव खेळपट्टीवर त्याने सामन्यात १४ बळी घेतले, आणि त्यांतले बहुतेक त्रिफळाचीत नाहीतर पायचीत. खेळपट्टी साथ देत नाही, तेव्हा तिच्यावर विसंबायचं नाही, चेंडू पुढे आणि सरळ टाकायचा, हे पायांनी ठरवलं म्हणता? अँडी रॉबर्ट्सचे तर बाउन्सरच दोन. पहिला जरा हळू टाकायचा. फलंदाज तो हुक करून खुशीत यायचा, आणि मग त्याच वळणाचा दुसरा यायचा तो वेगात. याला आमच्याकडे आधी विश्वास संपादन करून मग केलेला व्यवहार म्हणतात. त्याला मेंदू लागतो. तरी शेरा काय? 'नैसर्गिक ताकद.'

२०२० साली युरोपातल्या फुटबॉलच्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन काही लोकांनी वाक्य न् वाक्य तपासलं. गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला बुद्धीची आणि मेहनतीची स्तुती जास्त, काळ्या खेळाडूंच्या वाट्याला ताकदीची आणि वेगाची, असा हिशेब निघाला. म्हणजे स्तुतीचं ऑडिट होत नाही, हे माझं वर केलेलं विधान मी इथे मागे घेतो.

आपण यावर मान हलवून 'हे गोरे असेच!' म्हणणार. आणि तसं म्हणायचा आपल्याला थोडा हक्कही आहे. १८९६ साली रणजितसिंहजींनी इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४ धावा काढल्या. तेव्हापासून साहेबलोकांना त्यांच्या मनगटात पूर्वेची जादू दिसली. त्या जादूसाठी हा माणूस केंब्रिजला तासन् तास नेटमध्ये घाम गाळत होता, मागचा पाय हलू नये म्हणून तो जखडून सराव करत होता. पण पाय बांधून घेतलेला जादूगार दिसायला बरा दिसत नाही. गंमत अशी, की साहेबाने आपल्याला लावलेली ती फूटपट्टी आपण जपून ठेवली आणि आपल्याहून एक पायरी खाली कोण आहे, ते शोधत निघालो.

मला ती पायरी माझ्या शाखेतच सापडली.

आमच्याकडे एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. नाण्यांच्या थैल्या खांद्यावरून स्ट्राँगरूमपर्यंत नेण्यात सगळं आयुष्य गेलं. मी काउंटरवर असताना एक गृहस्थ मोठ्या रकमेचा चेक घेऊन आला. मी संगणकावर सहीचा नमुना काढून ताडून बघत होतो. मामा पाणी द्यायला आले, खांद्यावरून नजर टाकली आणि पुटपुटले, "भाऊसाहेब, हे नाना सहीखाली दोन टिंबं देतात. इथं एकच आहे." मी टिंबं मोजेपर्यंत त्या गृहस्थाने वातावरण ओळखलं आणि दाराकडे धूम ठोकली. अठ्ठावन्न वर्षांचे मामा त्याच्या आधी दाराशी पोचले आणि त्यांनी शटर ओढलं.

पुढे मुख्य कचेरीतून पत्र आलं. माझ्या 'दक्षतेबद्दल' अभिनंदन होतं. मामांचं नावही होतं, 'प्रसंगावधान राखून केलेल्या धावपळीबद्दल'. मी पत्राची झेरॉक्स काढून घरी फ्रेम करून लावली. टिंबांचं बोलायचं माझ्याकडून राहून गेलं. अशा गोष्टी राहूनच जातात. त्यांना फार कष्ट पडत नाहीत.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभात वेफर्स आणि पेढा झाल्यावर बोलायला मला उभं केलं. मी रंगात आलो. मामांचे खांदे, मामांची ताकद आणि त्या दिवशीची ती धाव! "काय चपळाई हो या वयात!" मी म्हणालो. टाळ्या पडल्या. मामा शाल सावरत उत्तराला उठले, हात जोडले आणि हसत म्हणाले, "चपळाई कसली? भाऊसाहेब अजून सही बघत होते, म्हणून मला धावावं लागलं."

सगळ्यांत मोठ्याने हसलो तो मीच. घरी आल्यावर फ्रेम उतरवली.

परवा धीर करून मी साहेबांच्या नावे दोन पानी पत्र लिहिलं. सही ओळखली ती मामांनी, मी नुसता खुर्चीत होतो, तेव्हा नोंद दुरुस्त व्हावी, असं सविस्तर कळवलं. साहेबांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचलं. चष्मा काढला, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले,

"अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं!"