साप्ताहिक मृत्युनोंदी आणि निवेदकाचा संशय : डीफोच्या प्लेग-वृत्तान्ताविषयी

डॅनियल डीफोची ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ ही कृती १७२२ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय १६६५ मधील लंडनचा प्लेग हा आहे. त्या वर्षी डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता. त्यामुळे ‘एच. एफ.’ या अद्याक्षरांनी वावरणाऱ्या, खोगिरांचा व्यवसाय करणाऱ्या निवेदकाच्या तोंडचे आकडे हे कल्पिताला सत्याभास देण्याचे साधन होय, असे बहुधा मानले जाते. प्रस्तुत लेखकास हे मत अपुरे वाटते. या कृतीचे कथानकच मुळी आकड्यांवर चालते.

लंडनमध्ये दर आठवड्याला पॅरिशवार दफनांची संख्या आणि मृत्यूची कारणे छापली जात. कारण ठरविण्याचे काम ‘सर्चर’ म्हणून नेमलेल्या, बहुधा वृद्ध व निर्धन स्त्रियांकडे असे. प्लेग नोंदला गेला की घर बंद, दारावर तांबडा क्रूस आणि बाहेर पहारा. साहजिकच खरे कारण दडविण्यात साऱ्या कुटुंबाचा स्वार्थ असे.

कादंबरीची आरंभीची पृष्ठे या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. डिसेंबर १६६४ मधील पहिल्या मोजक्या मृत्यूंनंतर पत्रकात प्लेगची नोंद जवळजवळ सहा आठवडे होत नाही. एच. एफ. मात्र प्लेगचा रकाना सोडून एकूण दफने पाहतो. आठवड्याला साधारण २४० ते ३०० हे शहराचे नेहमीचे प्रमाण. पण डिसेंबरअखेर २९१, मग ३४९, ३९४, ४१५ आणि जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात ४७४. प्लेगचा रकाना रिकामा आणि कबरी वाढत चाललेल्या! आज ज्याला ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात, त्याची ही कल्पना आहे : अपेक्षित संख्या वजा केल्यावर जे उरते, ते कोणत्याही नावाने नोंदले गेले असले तरी साथीच्या खात्यावर संशयाने मांडावयाचे. वाचकाच्या मनातील भय प्रेतांच्या वर्णनाने निर्माण होण्यापूर्वी या वजाबाकीने निर्माण होते.

पुढे १२ ते १९ सप्टेंबर १६६५ या आठवड्यात एकूण ८,२९७ मृत्यू, पैकी प्लेगचे ७,१६५. उरलेले १,१३२ हे नेहमीच्या एकूण प्रमाणाच्या जवळजवळ चौपट, तेही असंख्य नागरिक शहर सोडून गेलेले असताना. ‘ज्वर’, ‘अतिआहार’, ‘दात’ असल्या नोंदींआड कोण दडले होते, हे निवेदकाला निराळे सांगावे लागत नाही. ही रीत डीफोची स्वतःची नव्हे. जॉन ग्राँट याने १६६२ च्या आपल्या ग्रंथात १६२५ च्या साथीचा असाच हिशेब मांडून प्लेगचे मृत्यू नोंदींपेक्षा सुमारे चतुर्थांशाने अधिक ठरविले होते. डीफोने त्या हिशेबाला एक घाबरलेला, शहरात अडकलेला माणूस दिला.

तथापि या पद्धतीची मर्यादाही कादंबरीतच आहे, आणि समीक्षेने तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. प्रेतांच्या गाड्या रात्रीच्या अंधारात चालत. गाडीवान मोजणार कसे? वजाबाकीने चुकीचे कारण उघडे पडते. जी नोंद झालीच नाही ती उघडी पडत नाही. म्हणूनच वर्षाच्या पत्रकातील ६८,५९० हा प्लेगबळींचा आकडा नाकारून एच. एफ. एक लाख म्हणतो, तेव्हा तो गणित सोडून अनुमानाकडे वळलेला असतो. मात्र त्या अनुमानाची कारणे तो वाचकापुढे ठेवतो.

कोविडनंतर भारतात झालेला वाद या दोन उणिवांची सरमिसळ करणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांसाठी भारतातील अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. नोंदलेल्या मृत्यूंतील वाढ काही अंशी नोंदणी सुधारल्यामुळे आहे, असाही युक्तिवाद झाला. तो तत्त्वतः निराधार नाही. परंतु २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १.०२ कोटी, ही चढण केवळ कारकुनांच्या तत्परतेने समजावून देणे कठीण आहे. एच. एफ.ला त्याचे पत्रक दर आठवड्याला हाती पडत असे. आपले २०२१ चे आकडे प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडला.