सहा प्रश्न आणि एक सिनेमा

गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला गेलो होतो. माझ्या मावसबहिणीला नुकतंच सोळावं सरलंय. तिला युरोपातल्या एका शाळेत अकरावी-बारावीसाठी स्कॉलरशिप मिळालीये आणि होकार कळवायला पंधरा दिवस उरले होते. घरात प्रत्येकाचं मत तयार. मावशी म्हणते, बारावी इथंच होऊ दे, मग जा कुठं जायचं तिथं. काका म्हणतात, अशी संधी दोनदा येत नाही. ती मला म्हणाली, "दादा, तू सांग ना." मला काही सुचेना, म्हणून म्हटलं, 'आनंदी गोपाळ' बघ.

तिनं रात्रीच मोबाईलवर बघितला. सकाळी चहा घेताना म्हणाली, "छान आहे. पण तिनं ठरवलं कधी?"

त्या प्रश्नामुळे मी समीर विद्वांस यांचा २०१९ चा हा सिनेमा परत बघितला. पहिल्यांदा बघताना मी रडलो होतो. आताही भाग्यश्री मिलिंद आणि ललित प्रभाकर यांची कामं तितकीच आवडली. पण बहिणीचं बरोबर होतं. सिनेमात आधी शिकायचा हट्ट गोपाळरावांचा असतो. मग आनंदीचं बाळ औषधोपचारांवाचून जातं आणि डॉक्टर होण्याची जिद्द तिची होते. तिथून पुढं समाज, पैसा, धर्म असे सगळे अडथळे बाहेरचे. जावं की न जावं, हा प्रश्न तिच्या आत फारसा उरत नाही. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीच्या नावातही नवरा आहेच, आणि वाचून झाल्यावर तोच जास्त लक्षात राहतो.

खऱ्या आनंदीबाईंनी मात्र हा प्रश्न चारचौघांत मांडला होता. २४ फेब्रुवारी १८८३ ला कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, कॉलेजच्या हॉलमध्ये, त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. लोक विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेला का जाते? इथं शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिथं काही बरंवाईट झालं तर? आणि कुठल्याच बाईनं केलं नाही ते मीच का करू?

या भाषणाचा भार बाळाच्या दुःखावर नाही. बायकांना बाई डॉक्टर हवी, ही गरज त्या मांडतात. शिकणाऱ्या बाईला रस्त्यावर कसा त्रास होतो ते सांगतात. नवरा सोबत का येऊ शकत नाही, तर त्याच्यावर म्हातारे आईवडील आणि धाकटी भावंडं अवलंबून आहेत आणि दोघांच्या खर्चाला पैसे नाहीत. रडवणारं यात काही नाही. आपल्याला सिनेमासाठी मोठा घाव लागतो, तेव्हाच मुलीचं बाहेर पडणं पटतं. नुसतं विचार करून ठरवलेलं पुरेसं वाटत नाही.

पण भाषणालाही मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. चौथ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं की मी तिथं इथल्यासारखीच राहीन. खाणं, कपडे, चालीरीती, काही बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन. जो देश अजून बघितलाच नाही, तिथं आपण कसे राहू याचा शब्द सतराव्या वर्षी देऊन टाकला. सभेतल्या लोकांना हवा होता तोच शब्द. मग फिलाडेल्फियाची थंडी, आजारपण. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली, पण ती नोकरी करणं नशिबात नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हती. त्या शब्दामुळंच गेल्या असं मी म्हणत नाही. पण तो पाळण्याची किंमत किती होती, हे सिनेमातल्या टाळ्यांमध्ये ऐकू येत नाही.

सोलापुरात परदेशी गेलेला माणूस म्हटलं की डॉ. कोटणीस. ते १९३८ ला चीनला गेले आणि १९४२ ला तिथंच वारले. पण ते डॉक्टर होऊन गेले होते. शाळेच्या वयात जायचं तर हातात पदवी नसते. असते ती फक्त घरच्यांची मतं.

माझंही सांगतो. दहावीनंतर मामा मस्कतला ये म्हणत होता, अकरावी-बारावी तिथं कर. मी म्हणालो, आजी एकटी पडेल. सगळ्यांना कौतुक वाटलं. खरं कारण, तिथं वर्गात इंग्रजी बोलावं लागेल याची भीती. आज दिवसभर इंग्रजीतच मीटिंगा करतो, आणि अजूनही कुणी विचारलं तर आजीचंच नाव सांगतो. न जाण्याचं मला दुःख नाही. मी प्रश्न नीट मांडलाच नाही, याचं आहे.

म्हणून बहिणीला ते सहा प्रश्न मेसेज केले. म्हटलं, उत्तरं मला पाठवू नकोस, वहीत लिही. आणि काही बदलणार नाही असा शब्द कुणालाही देऊ नकोस.

रात्री तिचा मेसेज आला. "सातवा टाकलाय. नाही जमलं, तर परत येऊ ना?"

आनंदीबाईंना हा प्रश्न परवडण्यासारखा नव्हता. बहिणीला परवडायला हवा. मी तो स्क्रीनशॉट मावशीला आणि काकांना पाठवला. उत्तर त्यांनी द्यायचंय. अजून चार दिवस आहेत.